चांगल्या मालाचीही तपासणी

कारखान्यात तिला सगळे 'पाणीवाली' म्हणत. हे नाव कुणी चिडवून ठेवलेले नव्हते. ते तिच्या टेबलावरून आपोआप उतरले होते. नमुना-तपासणीच्या खोलीत दोन प्रकारची कामे चालत. खिडकीजवळच्या यंत्रावर नगात हवा भरून तो फुटेपर्यंत फुगवत. ते काम करणारी ती 'फुगेवाली'. भिंतीलगतच्या लांब टेबलावर नगात मापाचे पाणी सोडून तो टांगून ठेवत. ते काम हिचे. नग म्हणजे कंडोम. पण हा शब्द त्या खोलीत कुणी उच्चारत नसे. 'माल' म्हणत, 'नग' म्हणत, 'लॉट' म्हणत. ज्या वस्तूवर एवढ्या जणींची घरे चालत होती, तिचे नाव तोंडावर येऊ द्यायचे नाही, ही शिस्त कुणी घालून दिलेली नव्हती. आणि कुणी न घातलेल्या शिस्तीच माणसे सर्वांत काटेकोर पाळतात.

तिचे काम वरवर पाहता सोपे होते. शेजारच्या शेडमध्ये प्रत्येक नग धातूच्या दांड्यावर चढवून विजेने तपासलेला असे. त्यातूनच प्रत्येक लॉटमधले काही नग उचलून या खोलीत पाठवत. पाणीवाली नग उलगडून नळाखाली धरी, पाणी भरले की तो आकड्याला टांगी आणि उजेडाकडे पाहत उभी राही. मग तोंडाला पीळ देऊन, नग आडवा धरून, टिपकागदावर हलक्या हाताने फिरवी. सुईच्या टोकाहून बारीक छिद्र असले, तरी कागदावर ओला ठिपका उमटे. माणसाच्या डोळ्यांना जे दिसत नाही, ते कागदाला दिसे.

त्यानंतर कात्री. नापास नग कापायचा, हे कुणालाही पटते; पण पास झालेला नगही कापायचाच, हे नव्या बायकांच्या गळी उतरायला वेळ लागे.

"अहो, हा तर धडधाकट आहे की!" एखादी हळहळून म्हणे.

"धडधाकट आहे, हे पाणी पाजलं तेव्हा कळलं," पाणीवाली सांगे. "एकदा पाणी पाजलं की तो वापरायचा नाही. तो बाकीच्यांची ग्वाही देऊन गेला, असं समज."

"पण मग चांगला लॉट तपासायचाच कशाला?"

"चांगल्या मालाचीही तपासणी होते, बाई. चांगला आहे असं वाटणं आणि चांगला असणं, यांच्यात हा कागद आहे."

हे वाक्य ती इतक्या सहजपणे म्हणून जाई, की त्याचा स्वतःच्या घराशी काही संबंध असेल, हे तिच्या फार काळ ध्यानात आले नव्हते. दिव्याखाली अंधार असतो तो असा.

तिचे घर दोन खोल्यांचे. घरात ती आणि सासूबाई. एकुलती लेक शिकायला वसतिगृहात होती. नवरा क्रेन चालवी. पुलांच्या, बंदरांच्या, उंच इमारतींच्या कामांवर तो महिनोन्महिने बाहेर असे. गल्लीत त्याला 'क्रेनवाला' म्हणत. सुटी मिळाली की तो हातात एक पिशवी आणि अंगात साऱ्या साईटची झोप घेऊन घरी येई.

सासूबाई गल्लीत अभिमानाने सांगत, "आमची सून डॉक्टरांचे हातमोजे तपासते." हे सर्वस्वी खोटेही नव्हते. कारखान्याच्या एका शेडमध्ये शस्त्रक्रियेचे हातमोजे बनत. सगळ्या बायकांनी आपापल्या घरी तीच एक शेड सांगितली होती. क्रेनवाल्याला खरे काय ते ठाऊक होते, पण नवराबायकोच्या बोलण्यातही ते हातमोजेच होते. एका लहानशा खोट्याने साऱ्यांची सोय झाली होती, आणि सोयीच्या खोट्याला कुणी घराबाहेर काढत नाही.

या सोयीला पहिला तडा गेला तो थोरल्या बहिणीमुळे.

थोरली एका लॉन्ड्रीत इस्त्री करी. तिचा नवरा फिरता विक्रेता. गावोगाव हिंडणारा, गोड बोलणारा, घरी येताना कधी रिकाम्या हाताने न येणारा. थोरलीचे एक साधे ऑपरेशन ठरले, त्याआधी रक्त तपासले, आणि त्या तपासणीत एचआयव्ही निघाला. नवऱ्याला विचारले, तर त्याने आधी आकांडतांडव केले, मग मौन धरले आणि मग घर सोडले. थोरली मात्र कोसळली नाही. दवाखान्यातून मिळणारी गोळी ती रोज न चुकता घेऊ लागली. उतरलेले वजन परत आले, गालांवर तुकतुकी आली आणि तिच्या इस्त्रीची घडी पूर्वीपेक्षाही करकरीत पडू लागली. डॉक्टरांनी तिला सांगितले होते की गोळ्या चालू ठेवल्यास ती इतर कुणाहीइतकी जगेल. तिने ते वाक्य कष्टकरी बाईच्या सरळपणाने घेतले होते: सांगितले आहे, तर तसे करायचे.

एका दुपारी पाणीवाली तिच्याकडे गेली, तेव्हा ती शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती.

"ताई, तुला कधीच संशय आला नाही?"

"आला असता तर बरं झालं असतं. माझा भरवसा अगदी शंभर नंबरी होता. रक्तानं भरवसा विचारला नाही." तिने शर्ट उलटला. "तुझं काय चाललंय?"

"माझं काय चालायचंय?"

"क्रेनवाला वर्षातले दहा महिने बाहेर. तू त्याला काही सांगतेस की नाही?"

पाणीवालीने मान खाली घातली. "जीभ उचलत नाही गं. म्हणतील, माझ्यावर संशय घेतेस."

थोरलीने इस्त्री उभी केली. ती रागावली की काम थांबवत असे, एरवी नाही.

"काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, ती तू. दिवसभर कुणाकुणाच्या घरांची राखण करतेस, आणि तुझ्या स्वतःच्या घराला साधी कडी नाही!"

कडीचा हा टोला तिला चांगलाच लागला. कारण मागच्या सुटीत तिने प्रयत्न केला नव्हता, असे नाही. शब्द घशापर्यंत आले होते. पण नवरा दमून आला होता, हसून बोलत होता, त्याने तिच्यासाठी चपला आणल्या होत्या. तिला वाटले, आज नको. दुसऱ्या दिवशीही तसेच वाटले. सुटी संपली, तो गेला, आणि त्यानंतर कितीतरी आठवडे साधा ताप आला, घसा धरला, तरी तिला थोरलीची रक्ततपासणी आठवे. शेवटी ती एकटीच दवाखान्यात जाऊन तपासून आली. काही निघाले नाही. पण परतीच्या वाटेवर तिला आनंदापेक्षा लाजच अधिक वाटली. आपण टिपकागदावर ठिपका शोधण्यात हयात घालवतो, आणि स्वतःची पाळी आली की देवावर हवाला ठेवतो, हे तिला बोचले. तिने ठरवले: पुढच्या सुटीत बोलायचे. नाही बोलले, तर यापुढे हीच भीती आपला संसार होईल.

पुढची सुटी ठरली. शनिवारी येतो, असा क्रेनवाल्याचा फोन आला.

कारखान्यातल्या डब्याच्या सुटीत तिने फुगेवालीला सगळे सांगितले. फुगेवाली म्हणजे त्या खोलीचा भोंगा. दिवसभर फुग्यांचे बार ऐकून तिचा आवाज कायमचा चढलेला होता. ऐकताच तिने डोक्याच्या टोपीतून केसांची एक बट ओढून नाकाखाली धरली.

"हं. मी तुझा नवरा. ही माझी मिशी. बोल."

"अहो..."

"काय गं, भाजीत मीठ कमी पडलं, ते सांगायला आलीस? जरा आवाज चढव!"

"अहो, मला असं म्हणायचं होतं की आपण आता... ते... माल..."

"माल? मी काय ट्रक आहे?"

टेबलावरच्या सगळ्या जणी घास हातात धरून हसल्या. पाणीवालीही हसली, आणि हसता हसताच तिने तो शब्द उच्चारला. "कंडोम. आपण कंडोम वापरायचा."

एकदोघींनी वर पाहिले. मग कोपऱ्यातली एक जण म्हणाली, "बघा हो, छत पडलं नाही."

"अरेच्चा!" फुगेवालीने मिशी सावरली. "पण बाई, मला ते लहान पडतं."

"लहान? तुमच्या यंत्रावर तो भोपळ्यालाही मागं टाकतो!"

"ते मला ठाऊक आहे, तुझ्या नवऱ्याला नाही. बोलू नकोस, दाखव. मूठ घाल त्यात, कोपरापर्यंत ओढ. पुढचं: त्यात मजा नाही."

पाणीवालीने डबा बाजूला सारला. "आणि माझ्या मजेचं काय? तुम्हाला मजा, आणि मी छताकडे बघत बसते, यातून आता काय निघणार म्हणून."

या वेळी कुणी हसले नाही. फुगेवालीने मिशी सोडून दिली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आणि म्हणाला, माझ्यावर संशय आहे का, तर?"

याचे उत्तर सापडायच्या आत भोंगा वाजला, डबे मिटले. पाणीवाली टेबलावर परतली. तिने एक नग उतरवला, कागदावर फिरवला, कागद कोरडा. नग पास. सवयीने तिने कात्री उचलली आणि तिथेच तिचा हात थांबला. समोरच्या नव्या बाईला काय झाले ते कळेना.

"सापडलं," पाणीवाली स्वतःशीच म्हणाली, आणि नग कापला.

कारखान्याच्या फाटकावर झडती होई. आतला एक नगही बाहेर नेता येत नसे. त्यामुळे जी बाई दिवसभर कंडोम हाताळी, तिला तो विकत घ्यायचा तर दुकानातच जावे लागणार होते. दुकान कोपऱ्यावरचे, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिथूनच येत. तिच्या मागे रांगेत चारदोन माणसे होती.

"आईंच्या गोळ्या," औषधवाल्याने पुडी पुढे सरकवली. "आणि?"

"आणि कंडोमचं एक पाकीट. तीनचं."

मागच्या एका काकांना एकाएकी खोकला आला. औषधवाल्याने काचेच्या कपाटात हात घातला. त्यावर दुपारचे ऊन थेट पडत होते.

"ते नको, उन्हात तापलेलं रबर दगा देतं. आतल्या कपाटातलं द्या. तारीख बघून."

त्याने मुकाट्याने आतले पाकीट आणले, आणि आणताच ते वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतले.

"गोळ्यांना कागद गुंडाळलात का?"

"नाही."

"मग यालाच का थंडी वाजतेय?"

काकांचा खोकला थांबला आणि त्या जागी हसू आले. पाणीवालीने गोळ्यांची पुडी आणि पाकीट एकाच हातात धरले आणि ती गल्लीतून चालत घरी आली. कुणी पाहिले असेल, कुणी नसेल. ज्या नजरांना ती इतकी वर्षे घाबरत होती, त्या नजरा बहुतेक वेळा आपापल्या कामात असतात, हा शोध तिला त्या एका फेरीत लागला.

शनिवारी क्रेनवाला आला. आंघोळ झाली, जेवण झाले, झोप झाली. दुपार कलल्यावर सासूबाई शेजारी गप्पांना गेल्या. आतल्या खोलीत एक खाट, एक टेबल, टेबलावर पाण्याचा तांब्या, आणि दाराशी हात धुण्याचे बेसिन. पाणीवालीने तांब्याशेजारी पाकीट ठेवले.

"हे काय?"

"कंडोम."

लग्नाला इतकी वर्षे झाली होती, पण तो शब्द त्याने तिच्या तोंडून प्रथमच ऐकला. त्याने पाकिटाकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"घरात कशाला आणलंस? आता मुलाबाळांची काय भीती आहे आपल्याला?"

"मुलासाठी नाही आणलं."

तो समजला. समजलेला माणूस जसा सावकाश उठतो, तसा तो खाटेवरून उठला. "म्हणजे माझ्यावर संशय आहे तुझा."

जिथे आजवर तिची वाट संपत असे, ती जागा हीच. पण उत्तर तयार होते. ते तिने कुणाकडून उसने आणले नव्हते, स्वतःच्या टेबलावरून उचलले होते.

"आमच्याकडे लॉट येतो तो खराब आहे म्हणून नाही तपासत. चांगल्या मालाचीही तपासणी होते, कारण छिद्र डोळ्यांना दिसत नाही. ताईला दिसलं का? तुम्ही बाहेर राहता. तिथं काय होतं, काय नाही, हे आज मी विचारत नाही. विचारलं तर तुम्ही उत्तर द्याल, ते खरंही असेल. पण तुमच्या उत्तरावर मी माझा जीव टांगून ठेवणार नाही. आपण दोघं दवाखान्यात जाऊ. दोघं. मी काही आभाळातून पडलेली नाही, माझंही रक्त काढतील. आणि रक्तात काही शिरलं असलं, तरी काही आठवडे ते तपासणीत दिसत नाही. म्हणून पुढच्या सुटीत पुन्हा जाऊ. तोवर हे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर बाहेरच्या खोलीत अंथरूण घातलंय. माझं. तुम्ही दमून आलात, खाट तुमची."

तिने हे रागाने म्हटले नाही. तेच त्याला जड गेले. रागावर ओरडता येते. घातलेल्या अंथरुणावर कसे ओरडणार? तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. ज्या माणसाला शंभर हात उंचावरची तुळई वाऱ्यात न हलवता खाली उतरवता येत असे, त्याला एक साधे वाक्य कुठे ठेवावे, हे सुचत नव्हते. अखेर पाठमोराच म्हणाला, "एवढंसं तर आहे ते. मला लहान पडेल."

पाणीवालीने हसू दाबले. फुगेवाली डोळ्यांपुढे आली. तिने पाकिटातला एक नग काढला, वेष्टन कडेने नीट फाडले, आपली मूठ त्यात घातली, आणि ओढत ओढत थेट कोपरापर्यंत नेला. मग तो चकाकणारा हात त्याच्यापुढे धरला.

"हा घ्या, आईंचा हातमोजा. आता सांगा, लहान कसा पडतो? क्रेनचा दांडा झाकायचाय का?"

क्रेनवाल्याने ओठ आवळून पाहिले; जमले नाही. हसू आधी त्याच्या खांद्यांत आले, मग पोटात, मग सगळीकडे. तो खाटेवर बसला आणि डोळे पुसू लागला.

"बरं, बरं. काढ दुसरा," तो म्हणाला. होकार असाच आला, अर्धा हसण्यात, अर्धा शरमेत.

आणि इथे पाणीवालीकडून ती चूक झाली, जी जगात फक्त त्या एका खोलीतल्या बायकांकडूनच होऊ शकली असती.

तिने दुसरा नग काढला. हातात नग आला आणि हातांनी मालकिणीला न विचारता आपली वाट धरली. ती बेसिनपाशी गेली. नग उलगडला, नळाखाली धरला, पाणी भरले, उजेडाकडे उचलला. तिचे डोळे बारीक झाले. तोंडाला पीळ देऊन तिने तो टेबलावरच्या वर्तमानपत्रावर हळूहळू फिरवला. खाली वाकून पाहिले. कागद कोरडा.

"पास," ती म्हणाली. टेबलाच्या खणातून कात्री काढली आणि कचकन कापून टाकला. मग तिसरा घेतला.

क्रेनवाला पाहत राहिला. त्याने आपल्या बायकोला स्वयंपाक करताना पाहिले होते, कपडे वाळत घालताना पाहिले होते, आजारी आईच्या उशाशी बसलेले पाहिले होते. कामावर असताना कधी पाहिले नव्हते. हा चेहरा त्याच्या ओळखीचा नव्हता आणि तरीही होता. क्रेनच्या केबिनमध्ये, खाली माणसे उभी असताना भार हलवताना, त्याचा स्वतःचा चेहरा असाच होत असणार. खालच्या माणसाशी आपले नाते काय, तो चांगला की वाईट, असले विचार त्या वेळी मनात येत नाहीत. भार पडता कामा नये, एवढेच असते.

"पास," ती पुन्हा म्हणाली. पुन्हा कात्री.

"अगं, पास झाला ना?"

"झाला."

"मग कापलास का?"

"तपासलेला वापरत नाहीत."

दोघांनीही रिकाम्या पाकिटाकडे पाहिले. पाणीवालीने हातातल्या कात्रीकडे पाहिले, वर्तमानपत्रावरच्या तुकड्यांकडे पाहिले आणि तिचा हात आपोआप तोंडाशी गेला.

"अगं बाई! सगळेच संपवले की मी!"

ती हसू लागली ती थांबेना. तोही हसू लागला. ज्या गोष्टीची तिने इतके महिने धास्ती घेतली होती, ती त्या दोघांच्या हसण्यात हरवून गेली. राहिले ते फक्त काम, आणि ते आता दोघांचे होते.

क्रेनवाल्याने खुंटीवरचा शर्ट काढला.

"कुठं निघालात?"

"दुकानात. कुठलं ते?"

"कोपऱ्यावरचं. अहो, पण तो आईंचा गोळ्यांवाला..."

"असू दे की. आईच्या गोळ्या घेताना मान खाली घालतो का मी?" दाराशी तो थांबला. "तिथं काय म्हणायचं गं?"

"कंडोम म्हणायचं. आणि आतल्या कपाटातला मागायचा."

त्याने एकदा ओठांतल्या ओठांत शब्द म्हणून पाहिला. मग चपलेत पाय सरकवताना, तिच्याकडे न पाहता, विचारले, "तू खरंच काही विचारणार नाहीस?"

"आज नाही."

"दवाखाना सोमवारी उघडतो ना?"

"उघडतो."

तो गेला. परतला तेव्हा त्याच्या हातात दोन पाकिटे होती, आणि ती कशातही गुंडाळलेली नव्हती.

"दोन कशाला?"

"एक वापरायला, एक तुला तपासायला."

इतक्यात सासूबाई आल्या. टेबलावरचे ओले तुकडे आणि कात्री पाहून त्या उंबऱ्यातच थबकल्या. पाणीवालीला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"हातमोजे आता घरीही कापायला लागलीस?"

"आई, ते..."

"अगं, हातमोज्याला पाच बोटं असतात, एवढं मला कळतं. तुमच्या कारखान्याच्या गाडीवर केवढं चित्र आहे! आंधळी समजलीस मला?"

"मग तुम्ही सगळ्यांना हातमोजे का सांगत होतात?"

"तुझी लाज राखायला."

"आणि मी सांगत होते, ते तुमची राखायला."

लाज दोघींपैकी कुणाचीच नव्हती. दोघी एकमेकींच्या वतीने ती इतकी वर्षे वाहत होत्या. समाजातल्या पुष्कळ लाजांचे असेच असते: मालक सापडत नाही, हमाल मात्र घरोघर असतात. सासूबाईंनी पदर खोचायच्या तयारीने हात झटकले आणि म्हणाल्या, "ती घाण उचल आधी. आणि तू रे, पाकिटं काय हातात घेऊन उभा राहिलास, देवघरात ठेवणार आहेस का?"

सोमवारी दोघे दवाखान्यात गेले. रक्त दोघांचेही काढले. सुई टोचताना क्रेनवाल्याने डोळे मिटले, पाणीवालीने मिटले नाहीत. निकाल दोघांचाही स्वच्छ निघाला. पण तिने ठरले होते त्यात बदल केला नाही, आणि त्याने बदल मागितला नाही. मधल्या काळात साईटवरून त्याचा फोन येई, तेव्हा बोलण्यात कधी हवा, कधी जेवण, कधी नवी क्रेन असे. एकदा म्हणाला, "इथल्या पोरांच्या खोलीत एक खोकं ठेवलंय. भरलेलं. घेऊन जातात. एक जण म्हणाला, लहान पडतो. मी काय केलं असेल?"

"हात घातला असेल."

"कोपरापर्यंत."

त्याने तिला आणखी काही सांगितले की नाही, सांगितले तर काय, हे त्या दोघांतले आहे. त्या घराची सुरक्षितता आता एखाद्या कबुलीवर अवलंबून नव्हती. म्हणूनच कबुली द्यायची तर ती देणे सोपे झाले होते. तपासणीने भरवसा मोडतो, असे समजणारे लोक भरवसा आणि आंधळेपणा यांत फरक करत नाहीत. तिच्या घरात भरवसा उलट तपासणीनंतरच आला.

पुढच्या सुटीतली तपासणीही स्वच्छ निघाली. निकालाचा कागद हातात घेऊन पाणीवाली थेट लॉन्ड्रीत गेली. थोरली चादरीची घडी घालत होती. चादरीचे एक टोक तिने न बोलता बहिणीकडे फेकले. दोघींनी मिळून ती ताणली, झटकली, दुमडली.

"काय गं, कडी लागली का घराला?"

"लागली."

"कुणी लावली?"

"दोघांनी. आतून."

थोरलीने चादर पलीकडे ठेवली. काम थांबवून तिने बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. आज मात्र रागाने नव्हे. इस्त्रीने तिचे तळवे गरम झाले होते.

कारखान्यात नमुना-खोलीत नवी बाई आली की पाणीवाली आता तिला आधी टेबल दाखवत नाही, नळ दाखवत नाही. आधी विचारते, "इथं आपण काय तपासतो?"

"माल," नवी बाई म्हणते.

"कंडोम," पाणीवाली म्हणते. "म्हण."

खिडकीजवळून फुगेवालीचा एक फुगा बार काढतो. नवी बाई दचकते, हसते आणि म्हणते. छत अजून एकदाही पडलेले नाही.